बॉयलरची काजळी आणि आपला ऊस



हंगाम ऐन भरात असताना ‘बॉयलर बंद’ अशी बातमी गट ऑफिसात आली, की तोडलेला ऊस फडात पडून राहतो आणि बोलणी आम्हाला बसतात. ती आम्ही ऐकून घेतो. पण बॉयलर बंद का करावा लागतो आणि त्यात आपल्या मोळीचा हात किती, हे एकदा सांगावे म्हणतो.

चुलीवरच्या पातेल्याचेच बघा. बूड काजळीने माखले की तेवढ्याच जाळावर पाणी उशिरा तापते. कारखान्याच्या बॉयलरात पाणी नळ्यांच्या आत आणि जाळ बाहेरून असतो. नळ्यांवर काजळी-राखेचा थर बसला की उष्णता पाण्यात न जाता चिमणीवाटे निघून जाते. या धुराचे तापमान २० अंशांच्या आसपास वाढले की शेकडा एक जळण वाया, असा ढोबळ हिशेब आहे.

जळण म्हणजे आपल्याच उसाचा भुसा. गिरणीतून निघतो तेव्हा त्यात जवळपास निम्मे पाणीच असते; नीट जळला नाही की काजळी धरते. त्यात बुडख्याची माती आली की विचारूच नका. वाळू नळ्या घासून पातळ करते, आणि वितळून चिकटलेली राख वाफेच्या झोतानेही सुटत नाही. मग भट्टी विझवणे आले. एवढा बॉयलर घटकाभरात निवत नाही, आणि निवल्याशिवाय आत माणूस घालू नये. तिकडे तोडलेला ऊस वाळतो. वजन आणि साखर दोन्ही घटते.

मोठी सफाई हंगाम संपल्यावर. नळ्या ब्रशने घासतात, साठलेली राख उपसतात. हे पावसाआधी उरकायला हवे. टोकावड्याकडे ज्यांचे सोयरे आहेत, त्यांनी माळशेज घाटाखालची पावसाळी ओल पाहिलीच आहे. तशा हवेत राख ओल धरते आणि तिच्याखाली लोखंड गंजते. म्हणून बॉयलर कोरडा करून, आत कळीचा चुना ठेवून झाकणे लावतात. सरकारी निरीक्षकाची वार्षिक तपासणी झाल्यावरच पुढचे अग्निप्रदीपन.

आता आपले काम. मोळी बांधण्याआधी बुडख्याची माती झटकून घ्या. पाचट, वाढे मोळीत नकोत. टोळीवाले घाई करतील; तोडीच्या दिवशी स्वतः फडात उभे राहा. मातीचे वजन काट्यावर भरते खरे, पण उतारा पडतो, आणि दर उताऱ्यावर ठरतो.

— ऊस विकास अधिकारी