शिरगावात जुनं नाणं सापडलं? आधी घासू नका!

पालघर : शेत नांगरताना हिरवट पडलेलं नाणं दिसलं की आपण लगेच चिंच लावून घासतो. तसं करू नका. अक्षरं गेली की ओळखही गेली.

शिरगावचा किल्ला १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला, पुढे इंग्रजांकडे गेला. त्यामुळे तिन्ही राजवटींची नाणी इथे मिळू शकतात. क्रूस असेल तर बहुधा पोर्तुगीज. ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ असेल तर शिवराई. तराजू असेल तर बहुधा ईस्ट इंडिया कंपनी.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हक्काचा वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.