मालमोटारींच्या कारखान्याचा कर्बाचा हिशेब

अमुक कारखाना अमुक सालापर्यंत आपला धूर निम्म्यानें कमी करणार, अशा प्रतिज्ञा अलीकडे वर्तमानपत्रांत वरचेवर वाचावयास मिळतात. कोणता धूर, कोणाचा आणि कशाच्या मानानें कमी, हें विचारल्यावांचून त्या वाचूं नयेत. उदाहरणादाखल स्वीडनमधील स्कॅनिया ही कंपनी घेऊं. वाबिस व स्कॅनिया या दोन कारखान्यांचें १९११ सालीं एकीकरण होऊन ती झाली. आज ती फोक्सवागन समूहांत असून अवजड मालमोटारी व बसगाड्या बांधते.

प्रथम थोडें अंकगणित. एक लिटर डीझेल वजनानें सुमारें ८४० ग्रॅम भरतें. त्यांत कर्ब सुमारें ७२० ग्रॅम. जळतांना कर्बाचे १२ भाग हवेंतील प्राणवायूचे ३२ भाग ओढून घेतात व ४४ भाग कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. म्हणून ८४० ग्रॅम तेलांतून २,६०० ग्रॅमांहून अधिक वायु निघतो. तेलापेक्षां त्याचा धूर जड कसा, असें वर्गांतील मुलें मला नेहमीं विचारीत. वजनाची भर हवेंतून पडते, हें त्याचें उत्तर. ४० टनांची लॉरी १०० किलोमीटरला ३० लिटर तेल खाते असें धरलें आणि ती वर्षास लाख किलोमीटर धांवली, तर एकटी लॉरी सुमारें ८० टन वायु हवेंत सोडते. पृथ्वीचा उष्मा वाढविणारा वायु तो हाच.

आतां कारखान्याची वही उघडूं. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीप्रमाणें तींत तीन खातीं असतात. पहिल्यांत स्वतःच्या भट्ट्या व वाहनें, दुसऱ्यांत विकत घेतलेली वीज, आणि तिसऱ्यांत बाकीचें सारें: विकत घेतलेल्या पोलादापासून तों विकलेली गाडी पुढें जन्मभर जाळील त्या तेलापर्यंत. स्कॅनियाच्या बाबतींत शेकडा ९० हून अधिक भार गिऱ्हाइकांनीं गाड्या चालविण्यामुळें पडतो. कारखान्याच्या छपरावर कितीहि सौर तावदानें बसविलीं तरी हा भार हलत नाहीं.

२०२० सालीं या कंपनीनें शास्त्राधारें तपासून मंजूर झालेलीं दोन उद्दिष्टें जाहीर केलीं. २०१५ च्या मानानें २०२५ पर्यंत पहिल्या दोन खात्यांत शेकडा ५० घट. आणि विकलेल्या गाड्यांच्या वापरांत शेकडा २० घट, पण ती प्रत्येक किलोमीटरमागें. या शेवटच्या दोन शब्दांकडे लक्ष द्यावें. किलोमीटरमागें वायु १०० चा ८० झाला आणि गाड्यांची एकूण धांव १०० ची १२५ झाली, तर ८० सवाशें बरोबर १०० शेंच! हवेला कांहींच फरक कळत नाहीं. यांत लबाडी आहे असें मी म्हणत नाहीं. गिऱ्हाइकानें गाडी किती पळवावी, हें विकणाऱ्याच्या हातीं नसतें. उलट, गिऱ्हाइकाचा धूर आपल्या वहींत लिहून घेणें हेंच धैर्याचें काम आहे.

उपाय दोन. एक, तेल कमी खाणारें यंत्र. २०२१ सालच्या नव्या इंजिनानें शेकडा ८ तेल वांचतें, असें कंपनी सांगते. पण खरी मजल विजेवरील गाडीची. अर्थात् ती वीज कोळशाची असेल तर धूर वीजघरांत जातो, म्हणून स्कॅनियाचा हिशेब तेलविहिरीपासून चाकापर्यंत, म्हणजे इंधन अथवा वीज निर्माण होतांनाचा धूर धरूनच, केला जातो. या गाड्यांच्या विद्युत्‌घटांसाठीं कंपनीनें नॉर्थव्होल्ट या स्वदेशी कारखान्यावर भिस्त ठेविली, २०२३ सालीं घट जोडण्याची स्वतःची कर्मशाळाहि उघडली. आणि मार्च २०२५ मध्यें नॉर्थव्होल्टचें दिवाळें वाजलें. दुसऱ्याच्या मालावर आधारलेलें उद्दिष्ट असें अडचणींत येतें.

युरोपीय संघानें २०२४ सालीं कायदाच कडक केला. नव्या अवजड वाहनांच्या वायूंत २०१९-२० च्या मानानें २०३० पर्यंत शेकडा ४५, २०३५ पर्यंत ६५ व २०४० पर्यंत ९० घट व्हावयास पाहिजे. मात्र मालमोटारींपुरतें पाहिलें तर तोहि प्रत्येक टनामागें व प्रत्येक किलोमीटरमागें मोजतो. आपल्याकडे टाटा मोटर्सनें मालवाहू गाड्यांच्या धंद्यासाठीं निव्वळ शून्याची मुदत २०४५ ही ठरविली आहे. त्यांच्या वहींतहि तिसरेंच खातें सर्वांत जाड आहे.