मांडवातले लग्न आणि दप्तरातले लग्न

वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. वरातीत दारूकाम सुरू झाले, की शेजारच्या वस्तीलाही कळते, अमक्याच्या घरी कार्य आहे. लग्न चारचौघांसमक्ष, उजेडात व्हावे, ही आपली रीतच आहे. पण मांडव उतरला, की दुसरे लग्न सुरू होते. ते दप्तरातले. ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद होते, रेशनकार्डावर नाव चढते, आणि पुढे घरधनी गेला तर त्याच नात्याने सातबाऱ्यावर बायकोचे नाव वारस म्हणून लागते.

आजचा प्रश्न या दप्तरातल्या लग्नाचा आहे. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया जन्मभर एकमेकांच्या सोबतीने संसार करू म्हणतात. कायद्याने त्यांचे लग्न मानावे की नाही?

कोणी म्हणेल, हे शहरातले, परदेशातले खूळ. आपल्याकडे असली माणसे कुठली? तर तसे नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला मराठी वाचक या विषयावर पत्रे लिहीत. लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून कर्व्यांवर १९३४ साली खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, पण विचारणारे होते म्हणून तर उत्तरे द्यावी लागली! पुढे विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात अशाच एका तरुणीची कहाणी मांडली. अशी माणसे सगळीकडे असतात. गावात ती बोलत नाहीत, एवढाच फरक. आणि हा रोगही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढून टाकली.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेत कलम ३७७ होते. त्याखाली असा संबंध गुन्हा ठरत असे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा खासगी संबंध गुन्हा नाही. पण गुन्हा नसणे वेगळे आणि नाते मान्य असणे वेगळे. एखादे रान कसायला कोणी अडवत नाही, म्हणून त्याचा सातबारा आपल्या नावावर होत नाही. तसेच हे.

म्हणून काही जोडपी पुन्हा न्यायालयात गेली. आपल्या देशात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात धर्माची वा जातीची अट नाही. विवाह अधिकाऱ्याला तीस दिवसांची नोटीस द्यायची, तीन साक्षीदार आणायचे, की लग्न होते. पण त्यात वयाची अट सांगताना पुरुष २१ वर्षांचा आणि स्त्री १८ वर्षांची असे शब्द आहेत. ते बदलून वाचावेत, अशी मागणी होती. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. लग्न करणे हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि कायद्याचे शब्द बदलणे न्यायालयाचे काम नाही, यावर पाचही जणांचे एकमत झाले. ते काम संसदेचे. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

मधल्या काळात काही दारे किलकिली झाली. २०२४ साली केंद्र सरकारने कळविले, की एकत्र राहणारे असे जोडीदार रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरावेत. बँकेत संयुक्त खाते काढण्यास आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. पण नवरा-बायकोमधील देणगीवर जी आयकराची सूट आहे ती आम्हालाही मिळावी, यासाठी एका जोडप्याला २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

नोंद नसल्याने काय घडते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. दोन बायका तीस वर्षे एका घरात राहिल्या. दोघींच्या कमाईतून घर बांधले, पण ते एकीच्या नावावर. ती वारली आणि तिचे आईवडील आधीच गेलेले. हिंदू वारसा कायद्याने घर तिच्या भावांकडे, पुतण्यांकडे जाईल. दुखण्यात उशाशी बसली ती दुसरी मात्र परकी ठरेल. यावर आजचा उपाय एकच: दोन साक्षीदारांच्या सहीने मृत्युपत्र करावे आणि शक्यतो त्याची नोंदणीही करावी. नुसते नॉमिनी म्हणून नाव घातले की काम झाले, असे समजू नये. नॉमिनी हा बहुधा पैसे हाती घेणारा विश्वस्त असतो. मालकी वारसांचीच राहते.

विरोधाचे मुद्देही नीट ऐकले पाहिजेत. धर्म बुडेल, असे कोणी म्हणतो. पण विशेष विवाह कायद्याने कोणत्याही भटजीला, काझीला वा पाद्र्याला मांडवात उभे राहण्याची सक्ती होत नाही. लग्न वंशासाठी असते, असे दुसरा म्हणतो. मग मूल नसलेल्यांचे आणि उतारवयात केलेले लग्न आपण मोडीत काढतो काय? तिसरा म्हणतो, सगळे कायदे पती आणि पत्नी हे शब्द धरून लिहिलेले आहेत. ही अडचण मात्र खरी आहे. पण ती लेखणीने सुटणारी आहे. नेदरलँड्सने २००१ साली ती सोडवली, थायलंडने २०२५ साली. शेजारच्या नेपाळात २०२३ साली अशा एका लग्नाची नोंद झाली.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. तरी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. समाज मागाहून आला. पण तोवर कायदा त्या बाईच्या पाठीशी उभा होता, हे विसरता कामा नये.

आणि एक गोष्ट प्रत्येक घरात बोलायला हवी. मुलगा लग्नाला नको म्हणतो, कारण सांगत नाही. आपण म्हणतो, ‘करून टाका, आपोआप सुधारेल.’ तो सुधारत नाही, कारण त्यात बिघडलेले काही नसते. नासतो तो परक्या घरच्या पोरीचा जन्म, आणि त्याचाही. एखाद्या मुलीच्या गळ्यात अशीच बळेच माळ घातली तरी तेच.

गुरुजींनी, बाईंनी वर्गात एवढे पाहावे, की वेगळ्या चालीच्या, वेगळ्या मनाच्या पोराला टोपणनावाने छळले जाणार नाही. त्याला उपचाराच्या नावाखाली ‘बदलून’ देतो म्हणणाऱ्या डॉक्टराकडेही नेऊ देऊ नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहेत.

न्यायालयाने चेंडू संसदेकडे टाकला, म्हणजे तो तुमच्याआमच्याकडेच आला. खासदार आपणच निवडून देतो. कोणाच्या मांडवात अक्षता टाकायला जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जन्मभर एकमेकांना सांभाळलेल्या दोघांपैकी मागे राहिलेल्याला त्याच्याच घराचा उंबरा परका व्हावा, हे न्यायाचे नाही. तेवढ्यासाठी तरी दप्तरात त्यांना एक ओळ मिळाली पाहिजे.