मुलांचे दात – लेखांक ५ : तारा नेमक्या कधी?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यांत दुसरी-तिसरीतली पोरं दिसू लागतात. सोबतच्या आईचा प्रश्न ठरलेला: ‘पुढचे दात वेडेवाकडे आलेत, तारा आत्ताच लावायच्या की सगळे दुधाचे दात पडू द्यायचे?’ बहुतेकदा दोन्ही नको. दात दाखवण्याचं वय वेगळं आणि तारा लावण्याचं वय वेगळं.

दाखवायचं सातव्या वर्षी. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची, संघटनाही हेच सांगते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नसतो. कीड लागली तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून देतात. ही दाढ आणि पुढचे कायमचे दात आले, की वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसे बसतात ते कळतं.

आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत फट पडते, दात बाहेरच्या बाजूला कलतात. हाडात वर दडलेले सुळे त्यांच्या मुळांना रेटत असतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की ही फट बहुधा आपोआप मिटते. ऑर्थोडॉन्टिस्ट ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्ये या अवस्थेला ‘अग्ली डकलिंग’ (बदकाचं कुरूप पिल्लू) म्हटलं. मुलांसमोर हे नाव न घेतलेलं बरं!

काही बाबतींत मात्र थांबू नये. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, मूल जबडा एका बाजूला सरकवून चावत असेल, किंवा कायमचे दात येऊ लागले तरी अंगठा तोंडातून निघत नसेल, तर लवकर उपचार हवेत. टाळूच्या मधला सांधा लहानपणी पुरता जुळलेला नसतो, म्हणून अरुंद टाळू रुंद करणं तेव्हा सोपं जातं. दुधाची दाढ किडीमुळे वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. ती जागा राखणारी पट्टी बसवण्याबद्दल तेव्हाच विचारा.

खरा घोळ होतो तो पुढे आलेल्या दातांचा. अनेकदा वरचे दात पुढे नसतातच, खालचा जबडा मागे असतो. तो पुढे आणणारी ‘ट्विन ब्लॉक’सारखी काढ-घाल करता येणारी साधनं उंची झपाट्यानं वाढते त्या काळात चांगली लागू पडतात: मुलींत साधारण १० ते १२, मुलांत १२ ते १४. पाळी सुरू होईपर्यंत मुलीच्या वाढीचा हा जोर ओसरू लागलेला असतो, म्हणून तोवर वाट पाहू नये. पण फार लवकर सुरू करण्यातही हशील नाही. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार, लहानपणी एकदा आणि किशोरवयात पुन्हा असे दोन टप्प्यांत उपचार केल्यानं एकच फायदा होतो: पडझडीत पुढचे दात तुटण्याचं प्रमाण घटतं. पोर फारच धडपड्या असेल तर एवढं कारणही पुरेसं आहे. एरवी खर्च दुप्पट आणि मूल कंटाळतं ते वेगळंच.

दातांवर पक्क्या चिकटवायच्या तारा बहुतेकांना बारा-तेराव्या वर्षी लागतात, आणि दीड-दोन वर्षं राहतात. खासगी खर्च झेपत नसेल तर घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय औरंगपुऱ्यापासून जवळच आहे. तिथे आधी चौकशी करा. आणि सात वर्षांच्या मुलाला तपासून डॉक्टर ‘सध्या काही नको, सहा महिन्यांनी या’ म्हणाले, तर दुसरा दवाखाना शोधू नका. सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच जा.

पुढच्या आठवड्यात : तारा काढल्यावरचा रिटेनर.