एपिसोड ३१ : बाबांची आरएक्स आणि कंपनीचा सायलेन्सर

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना झालेलं ‘म्हणजे काय तर’, ‘आपलं ते’ काढलंय, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

अमेरिकेत मस्टँगसारख्या जुन्या मसल कारवाले एका गोष्टीसाठी वेडे असतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जसा एक्झॉस्ट होता, अगदी तसाच परत बसवायचा. आपल्याकडे मसल कार कुठून आणणार? जिंतूरच्या रस्त्यावर तो मान एकाच गाडीचा, यामाहा आरएक्स १००. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. आजही शंभर सीसीची नवी गाडी घ्या, एवढी ताकद मिळत नाही.

आमच्या घरी ती बाबांची. नंबर एमएच २२ चा. बाबा रोज तिच्यावर चारठाण्याच्या शाळेत जायचे. संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून ओळखून आई चहा ठेवायची. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत आलो आणि सायलेन्सरची पुंगळी काढून फेकली. पुढच्या सुट्टीत अख्खा सायलेन्सरच काढून बाजारातला चेंबर लावला. समोरच्या घरातलं तान्हं बाळ दचकून उठायचं आणि मला भारी वाटायचं. बाबा रागावले नाहीत. फक्त गाडीला हात लावणं सोडलं आणि बसने शाळेत जायला लागले. रिटायर होईपर्यंत बसनेच गेले. का, हे मला कळायला आठ वर्षं लागली.

आता मुद्द्याचं. आपल्याला वाटतं सायलेन्सर म्हणजे आवाज दाबायचा डबा. फोर-स्ट्रोकमध्ये हे थोडंफार खरं आहे. टू-स्ट्रोकमध्ये मात्र सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. तिथे व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीला भोक असतं, पिस्टन खाली गेला की ते उघडतं. जळका धूर बाहेर जात असतानाच नवं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं, म्हणजे थोडं नवं मिश्रणही धुराबरोबर बाहेर पळणारच. ते अडवतो सायलेन्सर, आणि तेही दार न लावता, आवाजाच्या लाटेने.

भोक उघडलं की दाबाची एक लाट पाइपातून सुटते. पाइप आतून रुंद होत जातो तिथून उलटी, ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचते. पुढे पाइप निमुळता होतो, तिथे आपटून ढकलणारी लाट परत येते आणि बाहेर पळालेलं मिश्रण पुन्हा आत कोंबते. हे सगळं भोक बंद व्हायच्या आत व्हायला हवं.

कोडवाला माणूस असल्याने हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. ७५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२५ फेरे, एक फेरा ८ मिलिसेकंदांचा. भोक साधारण अर्धा फेरा उघडं धरा, ४ मिलिसेकंद. गरम धुरात आवाज सेकंदाला अंदाजे ५०० मीटर जातो. म्हणजे लाटेला जाऊन-येऊन २ मीटर मिळतात, एका बाजूने १ मीटर. आता आरएक्सशेजारी उभं राहून सायलेन्सरची लांबी बघा. ती दिसायला छान म्हणून ठेवलेली नाही.

हे तंत्र १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या इंजिनिअरने पक्कं केलं. १९६१ मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसमधून पळून पश्चिमेकडे गेला आणि ते ज्ञान घेऊन सुझुकीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी सुझुकीवर तो ५० सीसीचा विश्वविजेता झाला. एका पाइपच्या आकारासाठी हेरगिरी, यावर पिक्चर निघायला हवा.

तर, माझा बाजारातला चेंबर. त्याचे आतले कोन कोणत्या इंजिनाच्या मापाचे होते देव जाणे. वर गाडी किंचाळायची, खाली चढावर दम टाकायची. औंढ्याच्या रस्त्यावर एकदा पिस्टन जॅमही झाला. कारण सोपं होतं. पाइप मोकळा झाला, हवा जास्त ओढली जाऊ लागली, कार्ब्युरेटरचा मेन जेट जुनाच राहिला. पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं. चाचा, म्हणजे आमचे मिस्त्री, प्लग काढून बघत म्हणाले, “बेटा, पाइप बदला तो जेट कौन बदलेगा?” प्लगचं टोक पांढरंफट्ट होतं. चहाच्या रंगाचं हवं.

मूळ सायलेन्सर शोधणं हे खरं काम. कंपनीचा नवा मिळणं मुश्कील, आणि बाजारातले बहुतेक ‘ओरिजिनल टाइप’ बाहेरून चकचकीत, आतून नुसती नळी. मी दोन नमुने किराणा दुकानातल्या काट्यावर तोलले. आत कोन नसलेला लगेच हलका लागला. शेवटी परभणीच्या एका भंगारवाल्याकडे जुना, पोचा नसलेला, पुंगळीसकट मिळाला. आत इतका काजळीचा थर की शेवटच्या टोकातून उजेड दिसेना. पुंगळी काढून भट्टीत लाल केली, तारेच्या ब्रशने घासली. कॉस्टिक सोडा फक्त लोखंडाच्या नळीला वापरा, हातमोजे-चष्मा घालून. सिलिंडरच्या भोकाजवळ नको, ते ॲल्युमिनियम खातं.

बसवताना गॅस्केट नवीनच घ्या. तिथून हवा गळली तर लाटांचा सगळा हिशोब बिघडतो आणि रेस सोडली की फट-फट होतं. सगळे नट आधी हलके लावायचे, मग सिलिंडरकडचे आवळायचे, मागचा ब्रॅकेट शेवटी. मी पहिल्यांदा उलटं केलं, ब्रॅकेटवर ताण आला. चाचांनी परत सगळं सोडायला लावलं. मेन जेटही कंपनीच्या नंबरचा परत टाकला.

कायद्याचंही सांगतो, कारण कमेंटमध्ये विचारणार तुम्ही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज-धुराचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स ३ महिने बाद. तेव्हा पकडलं नाही हे माझं नशीब.

आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आवाज एपिसोडच्या शेवटी टाकलेत. इयरफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर फरक कळणार नाही. मधे “हं, आता ठीक हाय” असा जो आवाज येतो, तो बाबांचा. दुसऱ्या दिवशी ते येलदरी धरणापर्यंत जाऊन आले, मला न विचारता. आल्यावर एवढंच म्हणाले की तिसऱ्या गिअरला जरा घुमतेय. बघितलं तर मागचा नट ढिला झालेला. सायलेन्सर बसवल्यावर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर नट परत आवळायचे असतात, ते मी विसरलो होतो.