स्फुरद संपल्यावर

नारायणगावच्या कृषी सेवा केंद्रांत ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ म्हटलं की सहा ग्रॅमची पुडी पुढे येणार, हे येडगावच्या टोमॅटोवाल्यांना वर्षानुवर्षं पाठ आहे. कुकडीवरच्या धरणामुळे इथलं शिवार बारमाही झालं. टोमॅटो, ऊस, द्राक्षं आली आणि त्यांच्या मागोमाग रोगही आले. पानांवर काळे ठिपके दिसले की कॉपर ऑक्सिक्लोराईडबरोबर ही पुडी पंपात जाते. तिच्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि १० टक्के टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराईड असतं. ही दोन्ही द्रव्यं माणसाच्या कल्पनेतून निघालेली नाहीत, ती मातीतल्या जिवाणूंनी घडवलेली आहेत. ज्या जातकुळीचे जिवाणू येडगावच्या काळ्या रानात मुठीमुठीत सापडतील, त्याच जातकुळीची ही निर्मिती पुडीत भरून त्याच रानावर फवारली जाते.

ही जातकुळी म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस. हे जिवाणू असले तरी वाढतात बुरशीसारखे, फांद्या फुटलेल्या बारीक तंतूंच्या जाळ्यातून. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, तो मुख्यतः यांच्याच जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. जिवाणूंवर चालणारी आजवर सापडलेली बहुतेक नैसर्गिक प्रतिजैविकं या कुळाकडून आणि त्याच्या भावकीकडून आलेली आहेत. पण हा जिवाणू प्रतिजैविक सदासर्वदा बनवत नाही. पोटभर खायला आहे, ओल आहे, तोवर तो फक्त वाढत राहतो. औषध बनतं ते वाढ थांबते तेव्हा.

मातीत बी पडावं तसा त्याचा बीजाणू पडतो, अंकुरतो आणि तंतू पसरू लागतात. मेलेल्या मुळांमधलं सेल्युलोज, कीटकांच्या कवचातलं कायटिन, पिष्ट, जे हाताशी असेल ते तो बाहेर विकरं सोडून पचवतो. आत आलेल्या साखरेचं विघटन होऊन अ‍ॅसिटिल-कोए तयार होतं आणि त्यातून ऊर्जा मिळते, पेशीचे घटक बनतात. सगळा माल वाढीकडे जातो. मग कधीतरी नत्र कमी पडतं, किंवा स्फुरद. कार्बन अजून येतो आहे, पण त्याच्यापासून नवी प्रथिनं, नवं डीएनए बनवायला जोडीचा माल नाही. कारखाना चालू, पण वाढीची वाट बंद, अशी ही अडचण आहे.

याची पहिली खबर रायबोसोमला लागते, कारण प्रथिनं जुळवायची तर तिथंच. अमिनो आम्लं येईनाशी झाली की रिलए नावाचं विकर पीपीजीपीपी हा छोटा रेणू बनवू लागतं. हा रेणू नवी रायबोसोमं बनवण्याला लगाम घालतो आणि प्रतिजैविकांची जनुकं उघडायला हातभार लावतो. स्फुरदासाठी वेगळा पहारा आहे: फॉस्फेट घटलं की फोआर हे प्रथिन फोपी या जोडीदाराला जागं करतं, आणि जनुकांचा मोठा ताफा चालू-बंद होतो. वाढीला न लागणारं अ‍ॅसिटिल-कोए मग दुसऱ्या वाटेनं वळतं. काही बुरशीनाशक रेणूंसाठी दोन-दोन, तीन-तीन कार्बनचे तुकडे एकापुढे एक जोडत जाणारी प्रचंड विकरं कामाला लागतात. स्ट्रेप्टोमायसिनचं तर आणखी सरळ आहे: त्याच्या रेणूतले तिन्ही भाग मुळात ग्लुकोजपासूनच घडतात.

मला यातला सर्वांत विलक्षण वाटतो तो साखरेचा एक निरोप. कायटिनमध्ये एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसमाईन नावाची साखर असते, आणि नेमकी तीच साखर या जिवाणूच्या स्वतःच्या पेशीभित्तीतही असते. उपासमार वाढली की तो आपलेच जुने तंतू विरघळवू लागतो आणि ही साखर सुटी होते. ती आत आली की दासआर नावाचं दडपणारं प्रथिन बाजूला होतं आणि प्रतिजैविकाची जनुकं मोकळी होतात. लायडन आणि लिएज इथल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की खाणं मुबलक असताना हीच साखर उलट वाढ चालू ठेवायला सांगते आणि प्रतिजैविक रोखते. साखर तीच असते; तिचा अर्थ आजूबाजूच्या सुबत्तेवर ठरतो.

जुने तंतू विरघळवायचे कशासाठी? पुढच्या पिढीसाठी. दुष्काळात घराचं सागवान विकून पेरणीचं बी राखावं, तसा हा सौदा आहे. जुन्या तंतूंच्या अन्नावर हवेत नवे तंतू उभे राहतात आणि त्यांच्या टोकांना बीजाणू धरतात. पण ऐन टंचाईत इतकं अन्न उघड्यावर पडलं की शेजारचे जिवाणू धावणारच. त्यांना दूर ठेवायला याच वेळी प्रतिजैविक सोडलं जातं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. निसर्गातल्या अत्यल्प प्रमाणात ही रसायनं मारण्यापेक्षा निरोप देण्याचं काम करत असावीत, असंही एक मत आहे. मला दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत दिसत नाही.

इथं एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेत फॉस्फेट वाढवलं की प्रतिजैविक घटतं, म्हणून ‘डीएपी टाकलं की मातीतली औषधं बंद’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत दिलेल्या स्फुरदाचा मोठा वाटा चुन्याशी बांधला जातो; जिवाणूच्या वाट्याला किती येतं हा निराळाच हिशेब आहे.

स्ट्रेप्टोमायसिनचा जन्मही शेतातलाच. अमेरिकेत रटगर्स इथं सेल्मन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ या विद्यार्थ्यानं १९४३ मध्ये भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस वेगळा काढला आणि क्षयावरचं पहिलं प्रतिजैविक हाती आलं. १९५२ चं नोबेल एकट्या वॉक्समन यांना मिळालं. शात्झवर अन्याय झाला, हे आज बहुतेक जण मान्य करतात. या ग्रिसियसला औषधनिर्मितीकडे वळवणारा त्याचा स्वतःचा ए-फॅक्टर नावाचा संदेशरेणू १९६७ मध्ये मॉस्कोत खोखलोव यांना सापडला. तो अतिसूक्ष्म प्रमाणातही पुरतो. वस्ती पुरेशी दाट झाली, की एकमेकांच्या या रेणूमुळे सगळ्यांची जनुकं एकदम उघडतात.

आता पुणे-नाशिक रस्त्यानं सत्तरेक किलोमीटर खाली येऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथं पेनिसिलिन निघू लागलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनही आलं. ही मंडळी परदेशी जिवाणू टाक्यांत वाढवून थांबली नाहीत. मूळचे म्हैसूरकडचे बुरशीतज्ज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या मातीच्या नमुन्यांची शोधाशोध झाली. पिंपरीच्या मातीतल्या जिवाणूला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं नाव दिलं. त्याच्यापासून मिळालेलं हॅमायसिन १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून ते पटलाला भोकं पाडतं. अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिस आणि हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीजन्य रोगांच्या रुग्णांवरही ते तपासलं गेलं. पोटातून घेतलं तर अंगात नीट शोषलं जात नाही, ही त्याची मोठी अडचण ठरली. त्वचेच्या आणि श्लेष्मल भागाच्या संसर्गांपुरतं ते राहिलं. पाठोपाठ डर्मोस्टॅटिन आलं, ऑरिओफंगिन आलं. यातलं ऑरिओफंगिन पिकांवरच्या बुरशीसाठी थेट शेतात गेलं.

टाकीतलं कसब म्हणजे उपासमारीचं व्यवस्थापन. आधी जिवाणूला भरपूर खाऊ घालून गर्दी वाढवायची, मग अन्नाचा हात आखडता घ्यायचा. ग्लुकोज एकदम ओतलं तर तो वाढत सुटतो आणि औषध देत नाही. म्हणून सुरुवातीच्या काळात पेनिसिलिनच्या बुरशीला सावकाश पचणारं लॅक्टोज देत. पुढे ग्लुकोज थेंबाथेंबानं सोडायची पद्धत आली. हॅमायसिनच्या जवळचं भावंड कँडिसिडिन. स्पेनमधल्या हुआन मार्टिन यांनी त्याच्यावर काम करून फॉस्फेटचा अडथळा नेमका कुठं बसतो ते दाखवलं: या रेणूच्या बांधणीची सुरुवात करणारं पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल बनवणारं विकरच फॉस्फेटमुळे बनेनासं होतं.

मातीतल्या शोधाची ही परंपरा महाराष्ट्रात पुढे मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात काही काळ टिकली. बॅसिलस या जिवाणूपासून मिळालेलं मर्सासिडिन हे प्रतिजैविक तिथूनच १९९२ मध्ये जगापुढे आलं. पिंपरीचा सरकारी कारखाना मात्र १९९० च्या दशकात आजारी पडला आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याच्या विक्रीचा निर्णय घेतला. नेमक्या याच काळात शोधाची खरी संधी उघडत होती. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला: ७८०० हून अधिक जनुकं, आणि अशी रसायनं घडवणारे वीसहून जास्त जनुकसमूह. त्यातल्या मोजक्याच रसायनांची तोवर ओळख होती. बाकीचे समूह प्रयोगशाळेतल्या सुखवस्तू ताटलीत गप्प बसतात. त्यांना बोलतं करायचं तर नेमकी उपासमार, नेमका शेजारी, नेमका निरोप द्यावा लागतो. तिरुमलाचारांच्या पिढीनं जे नमुने काही सापडलं नाही म्हणून फेकून दिले असतील, त्यांतही औषधं असू शकतील.

आणि आता पुन्हा पुडीकडे. ग्रिसियस स्वतःच्या औषधानं मरत कसा नाही? तो स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेटचा गट जोडून निकामी रूपात घडवतो आणि बाहेर पडताना तो गट काढला जातो. हे कुलूप घालणाऱ्या विकराचं जनुक औषधाच्या जनुकांशेजारीच असतं. म्हणजे प्रतिकार औषधाइतकाच जुना आहे. कॅनडातल्या युकॉनमधल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही प्रतिकाराची जनुकं २०११ मध्ये सापडली. मातीत ही जनुकं अधूनमधून, तोळामासा औषधाच्या सान्निध्यात राहतात. आपण पंपानं फवारतो तेव्हा सबंध वावरात एकाच वेळी प्रतिकारवाल्यांची निवड करतो. तीही अनेकदा विनाकारण, कारण करप्याचे नेहमीचे प्रकार बुरशीचे असतात आणि बुरशीवर स्ट्रेप्टोमायसिन चालतच नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या वापरावर टप्प्याटप्प्यानं बंदी घालणारा मसुदा काढला. जागतिक आरोग्य संघटनेनं स्ट्रेप्टोमायसिनचा गट माणसासाठी अत्यंत महत्त्वाच्या औषधांत धरला आहे आणि क्षयाच्या काही रुग्णांना ते अजूनही द्यावं लागतं. कागदावर काय होईल ते होवो. येडगाव-नारायणगावच्या टोमॅटोवाल्यांना माझी विनंती एवढीच, की पानावरचा ठिपका जिवाणूचा की बुरशीचा हे नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पान नेऊन आधी विचारा. बुरशीचा निघाला, तर ती पुडी विकतच घेऊ नका.