पिळाच्या तराजूची सव्वादोनशे वर्षे

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिएटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथल्या एका प्रयोगशाळेत टंगस्टनच्या तारेला भोके पाडलेली एक चकती टांगून मोजमापे झाली. तार केसाहून बारीक, सुमारे २० मायक्रोमीटर जाडीची. ती चकती किती वळते, एवढेच मोजायचे होते. पण त्या वळण्याला विचारलेला प्रश्न मोठा होता. आपण राहतो त्या अवकाशाला लांबी, रुंदी आणि उंची एवढ्या तीनच मिती आहेत, की आणखीही काही मिती आहेत आणि त्या आजवर आपल्या लक्षात आलेल्या नाहीत? याच प्रश्नाचा माग जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या त्वरकातही काढला गेला. सिएटलचे यंत्र मात्र एका खोलीत मावते. त्याला टॉर्शन बॅलन्स म्हणतात, म्हणजे पिळाचा तराजू.

दोन प्रोटॉन शेजारी ठेवले तर त्यांच्यातले विद्युत बल गुरुत्वाकर्षणापेक्षा एकावर छत्तीस शून्ये इतक्या पटींनी जास्त असते. गुरुत्वाकर्षण आपल्याला प्रबळ वाटते ते केवळ पृथ्वी अवाढव्य आहे म्हणून. प्रयोगशाळेतल्या दोन वस्तूंमधली ओढ मोजायची, तर आधी त्या पृथ्वीलाच हिशेबातून बाजूला काढावे लागते. पिळाचा तराजू नेमके तेच करतो. टांगलेल्या वस्तूचे सगळे वजन तार उभ्या दिशेने पेलते. आडव्या दिशेने मात्र वस्तू मोकळी असते, आणि तिला अडवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तारेचा पीळ. तारेची जाडी निम्मी केली, तर तिची वजन पेलण्याची ताकद चौथाईवर येते, पण पिळाला होणारा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून तार जितकी बारीक, तितका तराजू हळवा. वजनाने तुटू न देता तार किती बारीक घेता येईल, यावरच या यंत्राचे बरेचसे कसब अवलंबून असते.

हे यंत्र कल्पिले आणि बांधले ते जॉन मिशेल या इंग्रज धर्मोपदेशक-वैज्ञानिकाने. प्रयोग करण्याआधीच, १७९३ मध्ये, त्याचा मृत्यू झाला. यंत्र पुढे हेन्री कॅव्हेंडिशकडे आले. त्याने ते बहुतेक नव्याने बांधले आणि लंडनजवळ क्लॅपहॅम इथल्या आपल्या आवारात, बंद खोलीत बसवले. सहा फूट लांबीच्या लाकडी दांड्याच्या दोन टोकांना दोन इंच व्यासाचे शिशाचे गोळे होते, आणि त्यांच्याजवळ आणायला बारा इंच व्यासाचे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे. माणूस आत गेला की त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलते आणि दांडा ढळतो, हे कॅव्हेंडिशने ओळखले. म्हणून मोठे गोळे तो बाहेरूनच हलवी आणि दांड्याच्या टोकावरची खूण भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने वाची. १७९८ मध्ये त्याने निष्कर्ष छापला. पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट, असा त्याचा आकडा होता. आजचा आकडा ५.५१ आहे. त्याचा प्रबंध वाचताना सर्वांत जास्त जाणवतो तो त्याचा संशय. हवेचा झोत, लोखंडी भागांतले चुंबकत्व, तारेचा न सुटलेला पीळ, अशा एकेका गोष्टीवर तो शंका घेतो, तिची तपासणी करतो, आणि मगच पुढे जातो. या तराजूवर काम करणाऱ्यांनी आजतागायत हीच रीत पाळली आहे.

शंभर वर्षांनी बुडापेस्टमध्ये लोरांड ओटव्हॉश याने हा तराजू वेगळ्या प्रश्नाला लावला. वस्तूला ढकलताना जाणवणारे तिचे वस्तुमान आणि पृथ्वी तिला ओढते ते वस्तुमान, ही दोन्ही सगळ्या पदार्थांसाठी सारखीच असतात का? दांड्याच्या दोन टोकांना दोन वेगळे पदार्थ लावायचे. पृथ्वीच्या ओढीची आणि पृथ्वीच्या फिरण्याने येणाऱ्या बाहेरच्या रेट्याची दिशा एक नसते, त्यामुळे पदार्थांत फरक असेल तर दांडा वळायला हवा. तो वळला नाही. १८८९ मध्ये त्याने दोन कोटींत एक भाग इतकी अचूकता गाठली, आणि पुढे पेकार आणि फेकेटे या सहकाऱ्यांबरोबर ती आणखी वाढवली. बालाटन सरोवर हिवाळ्यात गोठले की तराजू बर्फावर नेऊन तो जमिनीखालच्या गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म फरकही नोंदवी. त्याच जातीच्या तराजूने पुढे टेक्सासमध्ये जमिनीखालचे मिठाचे घुमट आणि त्यांच्या कडेचे तेल शोधले गेले.

वेगवेगळ्या पदार्थांत फरक सापडला नाही, या निष्कर्षावर आइन्स्टाइनचा सामान्य सापेक्षतावाद उभा आहे. म्हणून ती तपासणी थांबली नाही. प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये सोने आणि ॲल्युमिनियम घेऊन सूर्याच्या ओढीवर तोच प्रयोग केला. १९७२ मध्ये मॉस्कोत ब्रागिन्स्की आणि पानोव्ह आणखी पुढे गेले. आणि १९८६ मध्ये एफ्राइम फिशबाख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओटव्हॉशचे जुने आकडे पुन्हा तपासून सांगितले, की त्यांत एका अनोळखी बलाची खूण दिसते. ‘पाचवे बल’ वर्तमानपत्रांत गाजले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तारा टांगल्या गेल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रामनाथ कौशिक, सी. एस. उन्नीकृष्णन आणि त्यांचे सहकारी या शोधात होते. कर्नाटकात गौरीबिदनूर इथे, शहराच्या हादऱ्यांपासून दूर, जमिनीखालच्या प्रयोगशाळेत त्यांनी पिळाचा तराजू चालवला आणि १९८८ व १९९० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिएटलच्या गटाची सुरुवातही याच सुमाराची. एरिक ॲडेलबर्गर, ब्लेन हेकेल आणि पुढे येन्स गुंडलाख ही त्यातली ठळक नावे. पाचवे बल कुणालाच सापडले नाही. पण त्या शोधात तराजू इतका सुधारला, की पुढचा प्रश्न आला तेव्हा तो तयार होता.

तो प्रश्न १९९८ मध्ये आला. निमा अर्कानी-हामेद, साव्हास दिमोपूलोस आणि गिया द्वाली या तिघांनी विचारले, की गुरुत्वाकर्षण इतर बलांपेक्षा इतके दुबळे का? त्यांनी सुचवलेले उत्तर धाडसी होते. ते मुळात दुबळे नाहीच. प्रकाश आणि पदार्थ तीन मितींत अडकलेले आहेत, गुरुत्वाकर्षण मात्र आणखी काही गुंडाळलेल्या मितींतही पसरते, आणि आपल्या वाट्याला येतो तो त्याचा उरलेला अंश. पाटाच्या तोंडाशीच बांधात खेकड्यांनी बिळे केली, तर शेताच्या शेवटच्या वाफ्यात उभे राहून पाणी मोजणाऱ्याला विहीरच आटल्यासारखी वाटते. विहिरीला खरे पाणी किती, हे कळायला पाटाच्या तोंडाशी जाऊन मोजावे लागते.

गुरुत्वाकर्षणाचे ‘तोंड’ म्हणजे अगदी कमी अंतर. तीन मितींत बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दोन मिती जास्त असतील, तर त्यांच्या आकाराहून कमी अंतरावर ते चौथ्या घाताने घटायला हवे. म्हणजे जवळ जाता जाता ओढ न्यूटनच्या नियमाहून झपाट्याने वाढायला हवी. तिघांच्या गणितात, अशा दोन मिती असतील तर त्यांचा आकार मिलिमीटरच्या आसपास येऊ शकत होता. आणि मिलिमीटरहून कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण कसे वागते, हे तोवर कुणी नीट मोजलेलेच नव्हते. ग्रहांच्या कक्षा अचूक सांगणारा नियम वाळूच्या कणाएवढ्या अंतरावर तपासायचा राहिला होता. आणखी एक कारणही होते. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढवणाऱ्या कृष्ण ऊर्जेच्या घनतेवरून एक लांबी निघते, ती सुमारे ८५ मायक्रोमीटरची. तिच्या आसपास काही नवे असेल का, हाही प्रश्न होताच.

सिएटलच्या गटाने केलेली मांडणी कारागिरी म्हणूनही पाहण्यासारखी आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तारेला टांगलेल्या मॉलिब्डेनमच्या एक मिलिमीटर जाड चकतीला ४२ भोके होती, दोन वर्तुळांत प्रत्येकी २१. तिच्याखाली तशीच भोके असलेली दुसरी चकती संथपणे फिरत राही. खालच्या चकतीतली भोके वरच्या भोकांखालून सरकताना ओढ बदलते आणि वरची चकती किंचित पिळली जाते. एका फेऱ्यात असे २१ वेळा घडते. ही २१ ची निवड मुद्दाम केलेली होती. फिरवणाऱ्या यंत्राचा हादरा फेऱ्यागणिक एकदा येईल. खरी ओढ २१ वेळा, ४२ वेळा, ६३ वेळा अशा ठेक्यांत येईल. गोंगाट आणि संकेत यांची वाट अशी आधीच वेगळी करून ठेवली होती.

त्याहून सुंदर कल्पना तिसऱ्या चकतीची. फिरणाऱ्या चकतीच्या खाली टँटलमची आणखी एक जाड चकती जोडली होती. तिची भोके वरच्या भोकांच्या मधोमध येतील अशी वळवलेली होती. ती दूर होती पण जड होती. त्यामुळे न्यूटनच्या नियमाने येणारा पीळ ती बराचसा पुसून टाकी. कमी अंतरावरचे एखादे नवे बल मात्र इतक्या खाली पोहोचणारच नाही, त्यामुळे ते पुसले जाणार नाही. ओळखीचे वजा करावे, म्हणजे अनोळखी असेल तर उघडे पडेल, असा हा डाव होता.

मग उरतो तो गुरुत्वाकर्षणाचे सोंग घेणाऱ्यांचा बंदोबस्त. सर्वांत अवघड स्थिर विद्युत. दोन चकत्यांमध्ये सोन्याचा मुलामा दिलेला, सुमारे १० मायक्रोमीटर जाडीचा बेरिलियम-तांब्याचा पडदा ताणून बसवला होता, चकत्यांवरही सोने. चुंबकत्वासाठी खास मिश्रधातूचे आवरण, हवेसाठी निर्वात भांडे, उष्णतेसाठी तापमानाचे काटेकोर नियंत्रण. चकतीचे वळणे आरशावरून परतणाऱ्या लेझरच्या झोताने वाचले जाते. कोन मोजायचे ते रेडियनच्या अब्जाव्या भागांत. एवढे करूनही शेजारची पावसाने भिजलेली टेकडी कोरड्या टेकडीहून जड असते आणि जड टेकडी तराजूला जास्त ओढते, हे विसरून चालत नाही.

निष्कर्ष टप्प्याटप्प्याने आले. २००१ मध्ये २१८ मायक्रोमीटरपर्यंत न्यूटनचा नियम टिकला. २००७ मध्ये ५६ मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे कृष्ण ऊर्जेच्या लांबीखालीही. २०२० मध्ये प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यांवर घेतलेल्या नव्या प्रयोगात चकत्यांमधले अंतर ५२ मायक्रोमीटरपर्यंत आणले गेले. त्यातून ठरले, की गुरुत्वाकर्षणाइतक्याच ताकदीचे नवे बल असलेच तर त्याचा पल्ला ३८.६ मायक्रोमीटरहून कमी हवा, आणि सर्वांत मोठी जास्तीची मिती ३० मायक्रोमीटरहून लहान हवी. ॲडेलबर्गर, गुंडलाख आणि हेकेल यांना २०२१ चे मूलभूत भौतिकीचे ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले. काही नवे सापडले नाही, हे इतक्या काटेकोरपणे दाखवल्याचा तो सन्मान होता, आणि तो मला फार योग्य वाटतो.

कारण ‘सापडले नाही’ याचे दोन अर्थ होतात. नीट शोधलेच नाही म्हणून सापडले नाही, हा एक. एवढ्या अंतरापर्यंत, एवढ्या खात्रीने शोधले आणि तिथे ते नाही, हा दुसरा. दुसरा अर्थ कमवावा लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षे एकेका त्रुटीचा पिच्छा पुरवावा लागतो, आणि आकडा मनासारखा आला तरी थांबायचे नसते. हा तराजू स्वतःच्या मर्यादाही लपवत नाही. न्यूटनच्या नियमातला गुरुत्वीय स्थिरांक मोजून सव्वादोनशे वर्षे झाली, तरी आज तो दहा लाखांत २२ भाग एवढ्या अनिश्चिततेनेच माहीत आहे. २०१८ मध्ये चीनमधल्या वुहानच्या गटाने पिळाच्या तराजूने दोन वेगळ्या पद्धतींनी अतिशय अचूक मोजमाप केले, तर त्यांची दोन उत्तरेही एकमेकांशी पुरती जुळली नाहीत. त्यांनी दोन्ही छापली. विज्ञानावरचा माझा विश्वास अशा पानांनी वाढतो.

शोध आता अनेक वाटांनी चालू आहे. फ्रान्सच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप उपग्रहाने ओटव्हॉशचा प्रश्न अंतराळात नेला आणि टायटॅनियम व प्लॅटिनम यांच्या पडण्यात एकावर पंधरा शून्यांत काही भाग इतकाही फरक आढळला नाही. व्हिएन्नात २०२१ मध्ये सुमारे ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या दोन गोळ्यांमधली ओढ मोजली गेली. मोठ्या अंतरांवर गुरुत्वीय लहरी साक्ष देतात. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तेव्हा लहरींच्या तीव्रतेवरून निघालेले अंतर प्रकाशावरून काढलेल्या अंतराशी जुळले. वाटेत लहरी दुसऱ्या मितींत गळाल्याची खूण दिसली नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. ती सुरू झाली की अशा साक्षींत मराठवाड्याचाही वाटा असेल.

नवी मिती सुचणे ही प्रतिभेची गोष्ट आहे. तिला ३० मायक्रोमीटरच्या आत कोंडणे ही हाताची, डोळ्याची आणि चिकाटीची. पहिल्या गोष्टीची आपल्याकडे पुष्कळ वाहवा होते. दुसरीची ओळख करून द्यायला कॅव्हेंडिशचा प्रयोग हे अकरावीच्या वर्गातले उत्तम निमित्त आहे. तो धडा १७९८ वर संपू नये. शिक्षकांनी फळ्यावर २०२० चा आकडाही लिहावा, आणि त्याखालच्या अंतरावर गुरुत्वाकर्षण न्यूटनचा नियम पाळते की नाही हे अजून तपासायचे आहे, असे मुलांना स्पष्ट सांगावे. त्या वर्गातल्या एखाद्या मुलीला ती तार आणखी बारीक कशी करावी, असा प्रश्न पडला, तर शिकवण्याचे चीज झाले.